गिरणीच्या आवारांतली मोकळी जागा

कोंकणांतल्या शेतकऱ्याला त्याच्या जमिनीची जात विचारली तर तो क्षणाचाहि विलंब न लावतां सांगेल, ही भाताची, ही वरकस, ही खाजणाची. घाटावरचा शेतकरी जिराईत आणि बागाईत असा भेद करील. हे भेद मातीनें, पाण्यानें आणि चढउतारानें ठरलेले असतात. सरकारी मोजणीदार आला तरी गांवाला जें ठाऊक होतें तेंच बहुधा त्यानें दप्तरांत उतरून घेतलें. शहरांतल्या जमिनीची गोष्ट अगदींच निराळी. तेथें माती कसली आहे हें कोणी पाहत नाहीं. कारखाना कोठें चालावा, लोकांनीं कोठें राहावें, दुकानें व कचेऱ्या कोठें असाव्यात हें नगररचनेच्या नकाशावर रंग भरून ठरविलें जातें: वस्तीचा भाग पिवळा, व्यापाराचा निळा, कारखान्यांचा जांभळा. रंग बदलला कीं जमिनीचा वर्ग बदलतो, आणि वर्ग बदलला कीं कालपर्यंत ज्या आवाराकडे कोणी ढुंकूनहि पाहत नव्हतें त्याच्यासाठीं कोट्यवधि रुपयांच्या बोली लागतात. मुंबईच्या गिरणगांवांत हें ज्या प्रमाणावर घडलें त्याला देशांत फारशी तोड नाहीं. आणि तो सारा इतिहास शेवटीं 'मोकळी जमीन' या साध्या दोन शब्दांच्या अर्थावर येऊन अडला, हें त्यांतील मोठें नवल आहे.

परळ आणि त्याच्या आसपासचा प्रदेश मुळांत कारखान्यांचा नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत वरळीकडची खिंड हॉर्नबीच्या बांधानें बुजविली गेली, तेव्हां भरतीच्या पाण्याखालीं जाणारी मधली सखल जमीन हळूहळू कोरडी होऊं लागली. परळला तर खुद्द गव्हर्नरांचा बंगला होता. भोंवतालीं बागा, वाड्या, नारळीचीं झाडें आणि मोकळी हवा. किल्ल्यांतल्या दाटींतून निघून विसांवा घ्यावा तो परळला, अशी त्या भागाची ख्याति. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं कापडाच्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ सालीं ताडदेवला तिचें काम सुरू झालें. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवीनें कापसाचा भाव गगनाला भिडविला, मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हातीं पैसा खेळूं लागला, आणि त्यानंतरच्या दशकांत ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी, शिवडी या टापूंत गिरणीमागून गिरणी उभी राहिली. जमीन स्वस्त होती, रेल्वे जवळ होती, आणि धूर किल्ल्यापर्यंत पोंचत नव्हता. कोणत्याहि कायद्यानें हा भाग कारखान्यांचा म्हणून नेमून दिला नव्हता. धुरांड्यांनींच तो ठरविला. १८८० च्या दशकांत गव्हर्नरांचा मुक्काम मलबार टेंकडीवर हालला, आणि १८९९ सालीं परळच्या त्याच वाड्यांत डॉ. हाफकीन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. ज्या दालनांत मेजवान्या झडत तेथें लशीच्या बाटल्या भरल्या जाऊं लागल्या. जमिनीचा वर्ग असा एकदां आपोआप, नकाशावांचूनच, बदलून गेला होता.

गिरण्यांच्या पाठोपाठ माणसें आलीं. रत्नागिरीकडचा चाकरमानी, साताऱ्याकडचा घाटी, पुढें उत्तरेकडचे विणकर. एका खोलींत एका गांवचे पंधरावीस गडी, त्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या म्हणून अंथरूण एकच पुरे. जेवण खाणावळींत. भोंगा झाला कीं साऱ्या वस्तीची कूस बदले. १८९६ च्या प्लेगनें या दाटीकडे सरकारचें लक्ष वेधलें आणि १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढें १९२० च्या दशकांत डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें २०७ चाळी बांधल्या, त्यांतली खोली एकशेंसाठ चौरस फुटांची. गिरणी, चाळ, बाजार, नाटकाचें थिएटर, गणपतीचा मांडव आणि संपाची सभा हीं सारीं हांकेच्या अंतरावर. कामगाराला ट्रामचें भाडेंहि क्वचित्च मोजावें लागे. नगररचनेच्या ग्रंथांत जें साधण्यासाठीं पंडित झटतात तें येथें गरिबीनें साधून दिलें होतें. अर्थात् तें गलिच्छ होतें, रोगट होतें, हें विसरून चालणार नाहीं.

शहराचे कायद्यानें विभाग पाडण्याची कल्पना मूळची येथील नव्हे. जर्मनींत फ्रांकफुर्ट शहरानें १८९१ सालीं ती नियमांत उतरविली, आणि १९१६ सालीं न्यूयॉर्कनें साऱ्या शहरासाठीं तसा ठराव केला. मुंबई इलाख्यांत नगररचनेचा पहिला कायदा १९१५ चा. परंतु त्यानें आंखलेल्या योजना शहराच्या एकेका तुकड्यापुरत्या असत. सबंध शहराचा आराखडा करण्याची जबाबदारी १९५४ च्या कायद्यानें आली. त्याप्रमाणें १९६४ सालीं बृहन्मुंबईचा आराखडा तयार झाला, व तो १९६७ पासून अमलांत आला. १९६६ सालीं महाराष्ट्राचा प्रादेशिक व नगररचना कायदाहि झालेला होता. त्याच्या ३७ व्या कलमान्वयें मंजूर आराखड्यांत पुढें फेरबदल करतां येतो, परंतु त्यानें आराखड्याचें मूळ स्वरूप पालटतां कामा नये. हें कलम पुढें फार कामाला आलें.

गिरणगांव नकाशावर जांभळें झालें तें असें. जें शंभर वर्षांपूर्वीं आपोआप घडलें होतें त्यावर कायद्यानें शिक्कामोर्तब केलें, एवढाच त्या वेळीं त्याचा अर्थ दिसला. वस्तुतः त्याचा अर्थ फार खोल होता. मालकाला त्या जमिनीवर कापड काढतां येई. इमले बांधून विकतां येत नसत. शहराचें केंद्र उत्तरेकडे सरकूं लागलें, भोंवतालच्या जागेचे भाव चढले, तरी गिरणीची जमीन गिरणीचीच राहिली. कामगाराच्या नांवावर त्यांतली वीतभर जागाहि नव्हती, परंतु त्या जांभळ्या रंगानें त्याच्या नोकरीभोंवतीं एक कुंपण घातलें होतें. गिरणी मोडण्यापेक्षां चालविणें मालकाला भाग पडे, तें पुष्कळ अंशीं या कुंपणामुळें. हें कुंपण आहे हें कोणाला फारसें जाणवलें नाहीं. जाणवलें तें काढण्याची वेळ आली तेव्हां.

ती वेळ १८ जानेवारी १९८२ च्या संपानें जवळ आणली. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणें, आणि १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानें एकाच संघटनेला दिलेली मान्यता रद्द करणें या त्यांच्या मागण्या. संप रीतसर मागें घेतल्याचें कधीं जाहीर झालें नाहीं. तो विरून गेला, आणि त्याच्याबरोबर कित्येक गिरण्याहि. भिवंडी, मालेगांव, इचलकरंजी येथील यंत्रमागांनीं स्वस्त कापड आधींच बाजारांत आणलें होतें. मुंबईच्या गिरण्यांतील साचे जुनाट झाले होते. मालकांनीं नफा दुसऱ्या धंद्यांत वळविला होता. १९८३ सालीं केंद्र सरकारनें मुंबईंतल्या आणखी तेरा गिरण्यांचा कारभार आपल्या हातीं घेतला. अशा रीतीनें एकूण ५८ गिरण्यांपैकीं २५ राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या, एक राज्याच्या महामंडळाकडे होती, आणि बाकीच्या खासगी मालकांच्या. या सर्वांखालीं मिळून सुमारें ६०० एकर जमीन होती, आणि तीहि बेटाच्या ऐन मध्यभागीं.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींत ५८ वा नियम आला, तो या जमिनीविषयींचा. गिरणी आधुनिक करावयाची असो, आजारी गिरणी पुन्हां उभी करावयाची असो, वा ती हलवावयाची असो, जमिनीचा दुसरा उपयोग करण्यास त्यानें परवानगी दिली. मात्र एका अटीवर. जमिनीचे तीन वांटे करावयाचे. पांच हेक्टरपर्यंतच्या आवारांत ३३ टक्के महापालिकेला उद्यानें व मैदानांसाठीं, २७ टक्के म्हाडाला सार्वजनिक घरांसाठीं, आणि ४० टक्के मालकाला. आवार जितकें मोठें तितका मालकाचा वांटा कमी. दहा हेक्टरांच्या वर तो ३० टक्के. ढोबळ मानानें लोकांनीं त्याला तिसऱ्या हिश्श्याचा नियम म्हटलें. ६०० एकरांचा तिसरा हिस्सा दोनशें एकर होतो. मुंबई बेटांत दोनशें एकर मैदान आणि जवळजवळ तितकीच जमीन गरिबांच्या घरांसाठीं, ही संधि पूर्वीं कधीं आली नव्हती.

परंतु त्या नियमांत एक फट राहून गेली. जमिनीची वांटणी करावयाची ती मोकळ्या जागेची आणि जुनीं बांधकामें पाडल्यानें मोकळ्या होणाऱ्या जागेची. जुनी इमारत न पाडतां तिच्यांतच कचेऱ्या वा दुसरे व्यवसाय थाटले तर वांटणीचा प्रश्नच उद्भवत नसे. मालकांपैकीं फारच थोडे वांटणी करावयास पुढें आले. कित्येकांनीं जुन्या भिंती तशाच ठेवून आंत रंगरंगोटी केली. जेथें सूत कांतलें जाई तेथें जाहिरातींच्या कचेऱ्या, उपाहारगृहें आणि चेंडू घरंगळविण्याच्या खेळाचे अड्डे निघाले. चिमणी मात्र शोभेसाठीं राखली.

१९९६ सालीं राज्य सरकारनें वास्तुशास्त्रज्ञ चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली आणि महामंडळाच्या २५ गिरण्यांच्या जमिनीचा विचार तिच्याकडे सोपविला. समितीचें म्हणणें साधेंच होतें. प्रत्येक गिरणीचे सुटे तीन तुकडे केले तर कोठें चिंचोळी बाग, कोठें कोपऱ्यांतली एखादी इमारत, असे हाल होतील. त्यापेक्षां जवळजवळच्या गिरण्यांच्या जमिनी एकत्र धरून मोठीं मैदानें, रस्ते आणि घरें आंखावीं. शहराच्या इतिहासांत असा विचार करणारे लोक अधूनमधून होऊन जातात आणि त्यांचे अहवाल कपाटांत जातात. याहि अहवालाची गत तीच झाली.

पुढील घटना २० मार्च २००१ ची. त्या दिवशीं ५८ वा नियम सुधारला गेला. तीन वांट्यांचें प्रमाण कागदावर होतें तसेंच राहिलें. बदलली ती वांटावयाची वस्तु. यापुढें वांटणी फक्त मोकळ्या जमिनीची. ज्या जमिनीवर बांधकाम उभें आहे ती वांटणींतून वगळली, आणि तें बांधकाम पाडून तितकेंच क्षेत्र पुन्हां बांधण्याची मालकाला मोकळीक मिळाली.

याचा अर्थ कळण्यास गिरणी कशी असते हें पाहिलें पाहिजे. सूत काढण्याचें खातें मजल्यावर मजले चढवून बांधतां येतें. परंतु साच्यांच्या धडधडीनें वरचे मजले हादरतात म्हणून विणकामाचें खातें बहुधा जमिनीवरच पसरतें. त्याचें छप्पर करवतीच्या दांत्यांसारखें, आणि दांत्यांच्या उभ्या बाजूला उत्तरेकडून उजेड यावा म्हणून कांचा. अशा छपरांनीं आवाराचा मोठा भाग झांकलेला असे. उरलेल्या जागेंत गुदामें, बॉयलरचें घर, कचेरी, फाटकाजवळचें वेळ टिपण्याचें ठिकाण, कापसाच्या गांठी उतरावयाचें आंगण, एखादा पाण्याचा तलाव. आतां या आवारांत 'मोकळी जमीन' म्हणजे काय? छपरें पाडल्यावर जी दिसेल ती, कीं छपरें उभीं असतांना त्यांच्या मधून जी डोकावते ती? १९९१ चा नियम पहिल्या अर्थानें वाचला तर शहराला जमिनीचा दोनतृतीयांश भाग मिळत होता. २००१ च्या नियमाप्रमाणें वांटणीला उरलें तें आंगण आणि तलाव. बंद पडलेल्या गिरणीचें गंजलेलें छप्पर, ज्याच्याखालीं कोणी सूतहि धरीत नव्हतें, तें आतां मालकाला सोन्याच्या पत्र्यासारखें झालें; कारण त्यानें झांकलेली जमीन वांटणींतून सुटली होती. इतका मोठा फरक एका दुरुस्तीनें पडतो, आणि ती होते तेव्हां शहराच्या रोजच्या वर्तमानपत्रांत तिची पुरेशी चर्चाहि होत नाहीं, ही गोष्ट सुशिक्षितांनीं मनाला लावून घेण्यासारखी आहे.

२००५ सालीं महामंडळानें आपल्या पांच गिरण्यांच्या जमिनी विकावयास काढल्या. एकट्या मुंबई टेक्स्टाईल मिलला ७०२ कोटि रुपये आले. पांचांचे मिळून सुमारें २,०२० कोटि. तेव्हां कोठें लोकांचे डोळे उघडले. मुंबईंतील एका पर्यावरणवादी संस्थेनें उच्च न्यायालयांत अर्ज केला होता, त्याचा निकाल १७ ऑक्टोबर २००५ रोजीं लागला. इमारती पाडल्यानंतर मोकळी होणारी जमीनहि मोकळीच धरली पाहिजे, असा अर्थ न्यायालयानें लावला. शहराला श्वास घेण्यास जागा हवी, आणि सरकारला नियम बदलण्याचा अधिकार असला तरी तो आराखड्याच्या मूळ हेतूला धरून असला पाहिजे, हें त्याचें सूत्र. गिरणगांवांत त्या दिवशीं पेढे वांटले गेले असतील तर नवल नाहीं. पण हा आनंद पांच महिनेहि टिकला नाहीं. ७ मार्च २००६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला, २००१ चा नियम वैध ठरविला आणि जमिनींचे व्यवहारहि कायम केले. आजारी गिरण्यांना भांडवल मिळावें, कामगारांचीं थकलेलीं देणीं फिटावींत, यासाठीं सरकारनें ठरविलेलें धोरण अवास्तव म्हणतां येत नाहीं, असा त्याचा कल होता.

या दुसऱ्या बाजूलाहि न्याय दिला पाहिजे. १९९१ च्या नियमानें प्रत्यक्षांत शहराला मिळालें किती? नियम उदार होता, पण मालक पुढें न आल्यामुळें तो दहा वर्षें बहुतांशीं कागदावरच राहिला, आणि कामगार थकलेल्या पगारासाठीं फाटकाबाहेर बसून राहिला. जमिनीची विक्री झाली तेव्हां कित्येकांच्या हातीं देण्याची रक्कम पडली, हेंहि खरें. जांभळा रंग तसाच ठेवला असता तर साचे पुन्हां धडधडूं लागले असते, असें म्हणणारा भाबडा समजावा लागेल. वर्ग बदलणें अटळ होतें. परंतु जमिनीचें मोल जें वाढलें तें मालकाच्या कर्तबगारीनें नव्हे. शहर भोंवतीं वाढलें म्हणून आणि सरकारनें रंग बदलला म्हणून. मग त्या वाढीव मोलांतला मोठा हिस्सा शहराकडे यावा ही अपेक्षा अवाजवी कशी ठरते? मालकाला पुढें आणण्यासाठीं त्याचा वांटा दहापांच टक्क्यांनीं वाढविणें वेगळें, आणि वांटावयाची जमीनच नाहींशी करणें वेगळें.

सरकारचा हाच अधिकार दुसऱ्या रीतीनेंहि वापरतां येतो, याचें उदाहरण तेथून जवळच, दादरच्या चौपाटीलगत आहे. इंदू मिलची सुमारें साडेबारा एकर जमीन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठीं देण्याचें डिसेंबर २०१२ मध्यें केंद्र सरकारनें मान्य केलें, आणि ऑक्टोबर २०१५ मध्यें तेथें भूमिपूजन झालें. त्यासाठीं चैत्यभूमीला येणाऱ्या जनतेला वर्षानुवर्षें मागणी लावून धरावी लागली होती. विणकामाच्या खात्याची व्याख्या तेथें कोणाच्या आड आली नाहीं.

बाकीच्या आवारांत उंच मनोरे उठले. गिरणीची वस्ती पायीं कामावर जाई. नवी नोकरदार मंडळी विरार, कल्याण, पनवेलहून आगगाडीनें येऊं लागली. रस्ते जुनेच, स्थानकें जुनींच, आणि त्यांना जोडणारे पूलहि गिरणीच्या काळचे. परळ व एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांच्या मधल्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळीं पावसाच्या सरींत गर्दी कोंडली आणि चेंगराचेंगरींत २३ माणसें मेलीं. त्याच वर्षीं २९ डिसेंबरच्या पहिल्या प्रहरीं कमला मिलच्या आवारांत गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण दगावले. चौकशा झाल्या, पुलाची रुंदी, जिन्याची अडचण, गच्चीवरचें ताडपत्रीचें छप्पर यांची चर्चा झाली. जमिनीचा वर्ग बदलतांना तिच्यावर रोज किती पावलें पडतील याचा हिशेब कोणीं केला होता, हा प्रश्न मागेंच राहिला.

घरांचा लढा मात्र थांबला नाहीं. दत्ता इस्वलकर या गिरणी कामगारानें १९८९ सालीं बंद गिरणी कामगार संघर्ष समिति उभी केली होती. आधीं थकलेलीं देणीं, मग जमीन, मग त्या जमिनीवर घर, अशी तिची मागणी सरकत गेली. म्हाडाच्या वांट्याला जी थोडी जमीन आली तिच्यावर कामगारांसाठीं इमारती बांधण्यांत आल्या. अर्ज आले ते दीड लाखांच्या घरांत. २०१२ सालीं पहिली मोठी सोडत निघाली ती ६,९२५ घरांची, किंमत साडेसात लाख रुपये. १ मार्च २०२० रोजीं आणखी ३,८९४ घरांची निघाली, साडेनऊ लाखांना. इस्वलकर एप्रिल २०२१ मध्यें वारले. तोंवर संपाला एकोणचाळीस वर्षें उलटून गेलीं होतीं, आणि सोडतीच्या यादींत कित्येक नांवांपुढें कामगाराच्या जागीं त्याच्या मुलाचें किंवा विधवेचें नांव लागलेलें होतें.